आत्याच्या नावाने विशेष मुलांसाठी निधी: नवीन ट्रस्ट काढायचा की चालू संस्थेत ठेव ठेवायची?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा आणि जे माहीत असेल ते सांगा.

आमची आत्या गेल्या वर्षी वारली. झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती, जवळजवळ सगळी नोकरी पाटण तालुक्यात डोंगरातल्या गावांमध्ये झाली, लग्न केलं नाही, रिटायर झाल्यावर कराडात राहायची. तिच्या वर्गात एक सीपी असलेली मुलगी होती, सेरेब्रल पाल्सी, मान धरायला पण त्रास व्हायचा, आई कडेवर घेऊन यायची. ही मुलगी घरी बसणार नाही असं आत्यानं ठरवलं आणि मग गावातल्या सुताराकडून दोन्ही बाजूंना फळ्या आणि पुढे ट्रे लावलेली खुर्ची करून घेतली, मुलीला धरता यावी म्हणून पेन्सिलीला कापड गुंडाळून द्यायची. तेव्हापासून अशी मुलं तिच्याकडे येत राहिली, म्हणजे लोकच आणायचे, बाईंना दाखवा म्हणून. पेन्शन सुरू झाल्यावरही कुणाचे बूट, कुणाची फिजिओची फी, कुणाला साताऱ्याला जायचं गाडीभाडं असं ती देत होती. घरात सगळ्यांना माहीत होतं कारण दिवाळीला मला साडी आणू नका, ते पैसे द्या असं सरळ सांगायची.

आता तिच्या ठेवी वगैरे मिळून साधारण १५ लाख आहेत. ते वाटून घ्यायचे नाहीत, तिच्या नावाने तिच्याच कामाला लावायचे यावर घरात सगळ्यांचं एकमत आहे. माझे वडील आहेत, थोरले काका वारले पण त्यांची दोन मुलं आहेत, आणि धाकटे काका अमेरिकेत असतात, त्यांचा पासपोर्ट तिकडचा आहे, ते म्हणतात मी दरवर्षी अजून काही घालीन.

पण पुढे काय करायचं कळत नाहीये. एक चुलतभाऊ म्हणतो स्वतःचा ट्रस्ट काढू, तिचं नाव राहील. वडील म्हणतात कुठल्यातरी चांगल्या संस्थेला देऊन मोकळे होऊ. आईच्या मनात आहे की तिच्या शाळेत दरवर्षी बक्षीस ठेवावं. आणि खर्च नेमका कशावर केला तर मुलांना खरंच उपयोग होतो हेही आम्हाला बाहेरून कळत नाही, व्हीलचेअर वाटप करावं का, थेरपीचे पैसे द्यावेत का, शाळेला काही घेऊन द्यावं का. ज्यांच्या घरात असं मूल आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात त्यांनी जरूर लिहा.

---

आकडेमोड

आत्याबाईंना नमस्कार. मी सीए आहे, काही छोट्या ट्रस्टची कामं बघतो, त्यामुळे आधी कागदाचं बोलतो.

सगळ्यात पहिलं, मृत्युपत्र आहे का? लिहिलं नाहीत म्हणून विचारतो. नसेल तर बँकेत नॉमिनी कोण आहे यावर जाऊ नका, नॉमिनीला पैसे हातात मिळतात, मालकी वारसांची असते. हिंदू वारसा कायद्यात अविवाहित बाईचे आईवडील हयात नसतील तर तिच्या वडिलांचे वारस येतात, म्हणजे तिची भावंडं आणि वारलेल्या भावाची बायको-मुलंसुद्धा. तेव्हा तुमचे वडील, अमेरिकेतले काका आणि ती दोन चुलत भावंडं, थोरल्या काकू हयात असतील तर त्याही, आणि आत्याला बहीण असेल तर तीही, या सगळ्यांची लेखी संमती आत्ताच, सगळे एकमताने आहेत तोवर करून घ्या. पाच वर्षांनी कुणाच्या घरी अडचण आली की तोंडी एकमत टिकत नाही, मी हे जवळून बघितलंय.

आता ट्रस्टचं. सार्वजनिक ट्रस्ट म्हणजे १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात नोंदणी. मग पॅन, बँक खातं, मग इन्कम टॅक्सकडे १२ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) साठी अर्ज, त्यात नव्या ट्रस्टला आधी ३ वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते आणि मग पक्कीसाठी परत अर्ज करावा लागतो. (नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदललेत पण ऑफिसात सगळे अजून ८०जी च म्हणतात.) त्यानंतर दरवर्षी हिशोब, ऑडिट, रिटर्न, ज्यांनी देणगी दिली त्यांची माहिती पोर्टलवर भरून त्यांना सर्टिफिकेट देणं, आणि एखादा विश्वस्त वारला किंवा बदलला तर ९० दिवसात चेंज रिपोर्ट. हे अवघड नाहीये पण हे कायमचं आहे, कुणीतरी एक माणूस दरवर्षी हे करणारा लागतो.

हिशोब बघा. १५ लाख कायम ठेव ठेवली आणि व्याज ७ टक्के धरलं तर वर्षाला १ लाख ५ हजार, महिन्याला पावणेनऊ हजार. यातून ऑडिटची फी, सीएची फी, येणंजाणं काढलं तर मुलांपर्यंत किती पोचणार? काका दरवर्षी मोठी रक्कम घालणार असतील, घरातली पुढची पिढी यात पडणार असेल तर ट्रस्ट काढा, नाहीतर माझा सल्ला स्पष्ट आहे, चालू आणि चांगल्या संस्थेला कॉर्पस देणगी (कायम ठेवीची देणगी) द्या. त्यासोबत पत्र द्या की ही रक्कम आत्याच्या नावाचा स्मृतिनिधी म्हणून मुद्दल न मोडता ठेवायची आणि फक्त व्याज अमुक कामाला वापरायचं. ते पत्र फार महत्त्वाचं आहे, त्याच्याशिवाय संस्थेच्या वहीत ती साधी देणगी होते आणि खर्च होऊन जाते. पत्रात हेही लिहा की दरवर्षी व्याजातले १५ टक्के मुद्दलात मिळवायचे, कायद्यात तेवढी मुभा आहे, नाहीतर महागाईत १० वर्षांनी निधी नावापुरता उरेल.

एक सातारा सांगली भागासाठी खास. कुणी पतसंस्थेत ठेवा, व्याज जास्त मिळतं म्हणेल. नको. बँकेतल्या ठेवीला ५ लाखापर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेला ते नाही.

आणि काकांचं. ते भारतीय नागरिक नसतील तर त्यांचा पैसा कायद्याने परदेशी देणगी आहे, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी. अशी देणगी एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते आणि तीसुद्धा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या संस्थेच्या खात्यातच. नव्या ट्रस्टला ही नोंदणी लगेच मिळत नाही, साधारण ३ वर्षांचं काम आणि खर्च दाखवावा लागतो. त्यांनी तुमच्या खात्यात पाठवायचे आणि तुम्ही पुढे संस्थेला द्यायचे असा शॉर्टकट अजिबात करू नका, संस्था अडचणीत येईल.

---

डोंगरवाट

तुमच्या आत्याबद्दल वाचून आधी खूप वेळ काही लिहिताच आलं नाही. माझा मुलगा सीपी आहे, १३ वर्षांचा, आम्ही जावळीकडचे. त्याला अशा बाई मिळाल्या असत्या तर.

तुम्ही विचारलंत खर्च कशावर करावा. मी आई म्हणून सांगते, जे लोकांना दिसत नाही त्यावर करा. व्हीलचेअर दिसते, तिचा फोटो निघतो, म्हणून सगळे व्हीलचेअर देतात. आमच्याकडे शिबिरात मिळालेली एक पडून आहे, मोठ्या माणसाच्या मापाची, माझं पोरगं त्यात एका बाजूला घसरायचं आणि पाठ अजून वाकडी व्हायला लागली म्हणून फिजिओच्या ताईंनी बंद करायला लावली. खुर्ची मुलाच्या मापाची लागते, मूल वाढतं तशी बदलावी लागते, पुढचं चाक मोडलं की ते दुरुस्त करणारा तालुक्यात कुणी नसतो. पायातले एएफओ (कॅलिपरसारखे प्लॅस्टिकचे असतात ते) पाय वाढला की टोचतात, जखम होते, मग मूल घालायलाच तयार होत नाही आणि पाय आखडतो आणि मग ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं. पहिली जोडी कुणीतरी देतं हो, दुसरी तिसरी चौथी कुणी देत नाही.

आणि गाडीभाडं. थेरपी काही ठिकाणी फुकट आहे, पण तिथपर्यंत जायचं कसं? एसटीत सवलत आहे, पण १३ वर्षांचा मुलगा उचलून एसटीत चढवायचा, उतरवायचा, परत रिक्षा, आणि तो दिवस गेला की माझी त्या दिवसाची मजुरी गेली. वाडीवरच्या कितीतरी आयांनी थेरपी सोडली ती फीपायी सोडली नाही, या जाण्यायेण्यापायी सोडली. डॉक्टर म्हणतात पालक नियमित येत नाहीत. कशा येतील? डायपरचं पण तसंच, मोठ्या मुलाचे डायपर महिन्याला किती लागतात ते ज्याच्या घरात आहे त्यालाच माहीत, आणि डायपर नसेल तर शाळा घेत नाही, म्हणजे डायपरपायी शाळा बंद.

अजून एक मनापासून सांगायचंय, वाईट वाटून घेऊ नका. वर्षातून एक दिवस येऊन केक कापून, खाऊ वाटून, मुलांना रांगेत बसवून फोटो काढून जाणारे खूप येतात. मुलाच्या शाळेत एका आठवड्यात दोन तीन वाढदिवस होतात लोकांचे. काही मुलांना गिळायला त्रास असतो, काहींना फुग्यांचा आवाज सहन होत नाही, ती दिवसभर रडतात. तुमच्या आत्यांच्या नावाने असं काही करू नका. पेपरमध्ये मुलाचा फोटो आणि खाली मदत स्वीकारताना अमुक, असं नको. माझ्या मुलाला सगळं कळतं, बोलता येत नाही इतकंच.

थोडे द्या पण दर महिन्याला द्या आणि सांगून ठेवा की इतकी वर्षं देणार. एकदम २५ हजार आले की घरात दुसरी गरज उभी राहते आणि ते तिकडे जातात, त्यात कुणाचा दोष नाही. महिन्याला २००० गाडीभाड्याचे येणारच आहेत असं माहीत असेल तर आई थेरपी सोडत नाही.

---

अक्षरफळा

मी विशेष शिक्षिका आहे, कोल्हापूर भागात बरीच वर्षं काम करतेय. डोंगरवाट ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यातला शब्दन्‌शब्द आम्ही रोज बघतो.

पण मला थोडं वेगळंही मांडायचंय. पावणेनऊ हजारात २००० च्या हिशोबाने चार मुलं होतात. चार घरांना मोठा आधार आहे, मान्य. पण तेवढ्याच पैशात आठवड्यातला एक दिवस फिजिओ किंवा ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) कराडहून पाटणला येऊ शकेल का हे बघा. दहा आया मुलं उचलून खाली येण्यापेक्षा एक थेरपिस्ट वर गेला तर दहाही मुलांना मिळतं, आणि मुख्य म्हणजे आईला घरी करायचे व्यायाम तिच्या घरातल्या वस्तूंवर, तिच्या जमिनीवर शिकवता येतात. थेरपीच्या पाऊण तासाने मूल सुधारत नाही, उरलेल्या दिवसभरात त्याला कसं बसवता, कसं भरवता, कसं उचलता याने सुधारतं. जागेला पैसे लागणार नाहीत, पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात किंवा एखाद्या शाळेच्या खोलीत बोलून जागा मिळू शकते. समग्र शिक्षामध्ये, म्हणजे सरकारच्या शालेय शिक्षणाच्या योजनेत, तालुक्याला विशेष शिक्षक, साधनव्यक्ती असतात, त्यांच्याकडे मुलांच्या याद्या असतात, आधी त्यांना जाऊन भेटा. तुमच्या आत्या झेडपीच्याच, ओळखी निघतील.

वयाचाही विचार करा. पहिली ५-६ वर्षं सगळ्यात मोलाची असतात आणि नेमकी तीच वाया जातात, कारण घरात म्हणतात उशिरा बोलेल, त्याचे वडीलपण उशिराच बोलले होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ पासून, त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात आणि शंका आली तर जिल्ह्याच्या डीईआयसीला पाठवतात, म्हणजे लवकर निदान आणि उपचार केंद्राला. चिठ्ठी मिळते पण चिठ्ठी मिळालेली सगळी मुलं तिथे पोचत नाहीत. तुमच्या निधीने फक्त एवढंच धरलं, की पाटण तालुक्यातलं ० ते ६ चं मूल चिठ्ठी मिळाल्यावर जिल्ह्याला पोचलंच पाहिजे, भाडं आमचं आणि सोबतीला कुणीतरी आमचं, तरी फार मोठं काम होईल. सोबत म्हणतेय ते मुद्दाम, हॉस्पिटलमध्ये कुठल्या खिडकीवर जायचं हे सांगणारं माणूस नसलं तर आई अर्ध्यातून परत येते.

सरकारी जे मिळू शकतं ते आधी मिळवून द्या, तुमचे पैसे त्यावर घालवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, दिव्यांगत्व ४० टक्के आणि वर असेल तर ६ ते १८ वयाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या, त्याच्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. निरामय आरोग्य विमा आहे केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा, ऑटिझम, सीपी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही ठराविक मर्यादेपर्यंत मिळतो, हप्ता अगदी थोडा असतो आणि तरी गावात कुणाला माहीत नसतं. ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, ग्रामसभेत मागितल्याशिवाय तो हलत नाही. हे अर्ज भरून देणाऱ्या एखाद्या गावातल्याच मुलीला मानधन द्या, तुमच्या एका रुपयामागे सरकारचे कितीतरी येतील.

आईंच्या बक्षिसाबद्दल. त्यांची भावना समजते, पण पहिला नंबर आणि टक्केवारीचं बक्षीस ठेवलं तर ज्या मुलांसाठी आत्यांनी आयुष्य घातलं ती त्यात कधीच येणार नाहीत. त्याच शाळेत रॅम्प, कमोडचं टॉयलेट आणि ट्रेवाली खुर्ची कायम चांगल्या अवस्थेत राहील एवढा खर्च दरवर्षी करा, नाव तिथे लावा.

---

आकडेमोड

अक्षरफळा ताई, एक विचारतो. संस्थेत ठेव ठेवायची तर संस्था चांगली कशी ओळखायची? आमच्याकडे येणारे देणगीदार हेच विचारतात आणि आम्ही फक्त कागद बघू शकतो.

---

अक्षरफळा

कागद तुम्ही बघा, मी मुलांचं सांगते. न सांगता सकाळी शाळेच्या वेळेला जा. मुलं काय करतायत बघा, सगळी एका खोलीत टीव्हीपुढे आहेत की गटागटाने काम चाललंय. टॉयलेट बघा. प्रत्येक मुलाची वेगळी फाईल आहे का आणि तिच्यात गेल्या तीन महिन्यांत काही लिहिलंय का ते विचारा (दुसऱ्याच्या मुलाची फाईल वाचू नका, आहे का एवढंच). शिक्षकांची आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, चांगल्या संस्थेला याचा राग येत नाही. आणि पगार वेळेवर होतात का हे शिक्षकांना बाजूला घेऊन विचारा, कारण शिक्षक वर्षाला बदलत असतील तर ऑटिझमची मुलं परत शून्यावर येतात. पालकांना भेटा, दारात सोडायला आलेल्या आया खरं सांगतात.

रंगीत दिवे आणि झोपाळे असलेली सेन्सरी रूम दाखवून देणगी मागणाऱ्या जागा वाढल्यात. ती खोली वापरायला प्रशिक्षित ओटी नसेल तर ती बंदच असते. माझं मत, वस्तूला देऊ नका, माणसाच्या पगाराला द्या. पगारासाठी देणगी मिळवणं संस्थांना सगळ्यात जड जातं.

---

खाडीपलीकडे

आमच्या घरचा अनुभव लिहितो, कदाचित उपयोगी पडेल. माझ्या भावाला डाउन सिंड्रोम होता, तो चाळिशीत वारला. आईवडिलांनी त्याच्या नावाने निधी केला. डोंबिवलीकडे राहतो आम्ही.

त्याआधी नात्यातल्या एका कुटुंबाने असाच ट्रस्ट काढलेला आम्ही बघितला होता. सुरुवातीला सगळं छान, पाच विश्वस्त, सगळे घरचेच आणि सगळे साठीच्या पुढचे. त्यातले दोघं गेले, एक मुलाकडे परदेशी गेला, चेंज रिपोर्ट कुणी केले नाहीत, बँकेने सह्या जुळत नाहीत म्हणून खातं थांबवलं. पैसे आजही तिथे आहेत आणि मुलांना मिळत नाहीत. म्हणून आम्ही ट्रस्ट काढला नाही, भाऊ ज्या कार्यशाळेत कामाला जायचा (मोठ्या विशेष मुलांना काम देणारी) त्याच संस्थेत ठेव ठेवली, आकडेमोड म्हणतात तसं पत्र देऊन. पत्रात आम्ही जास्तीच्या काही गोष्टी घातल्या त्या सांगतो: कुणाला द्यायचं हे तीन जणांनी ठरवायचं, त्यात घरचा एक, संस्थेचा एक आणि एक पालक जो दर दोन वर्षांनी बदलेल. वर्षातून एकदा किती व्याज आलं आणि कशावर गेलं याचं एक पान आम्हाला द्यायचं, मुलांची नावं नकोत. संस्था बंद पडली तर ठेव कुठल्या कामाच्या संस्थेकडे जावी. आणि खर्चाचा हेतू फार बारीक बांधायचा नाही, आज एएफओ लिहिलं आणि उद्या सरकार ते फुकट द्यायला लागलं तर पैसे अडकतात, म्हणून आम्ही 'मुलाला बाहेर पडता यावं यासाठी लागेल तो खर्च' असं लिहिलंय, त्यात गाडीभाडंही येतं आणि बोलता न येणाऱ्या मुलाचा टॅबही येतो.

मला एकच गोष्ट आग्रहाने मांडायचीय. १८ वर्षांची अट घालू नका. सगळ्या योजना, सगळे देणगीदार लहान मुलांकडे ओढले जातात, ते गोड दिसतात, आणि मग १८ झाल्यावर विशेष शाळा संपते आणि मुलगा घरी बसतो. माझा भाऊ कार्यशाळेत उटण्याच्या पुड्या भरायचा, दिवाळीआधी एक दिवस दांडी मारायला तयार नसायचा, तापातसुद्धा. ती कार्यशाळा नसती तर तो चार भिंतीत राहिला असता. आणि पालक म्हातारे होतात. आमच्या मागे याचं काय, हा प्रश्न माझ्या आईने शेवटपर्यंत बाळगला होता. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं घरकुल, म्हणजे मोठ्या विशेष मुलांना राहायची जागा, आहे ते याच प्रश्नातून पालकांनी मिळून उभं केलं, नाशिकला रजनीताई लिमयेंनी १९७७ साली प्रबोधिनी ही विशेष मुलांची शाळा सुरू केली आणि पुढे तिथेही मोठ्या मुलींसाठी घरकुल झालं. मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची, वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी घरातच सुरू केलेली. आपल्याकडे यातलं बरंचसं काम पालकांनी आणि शिक्षकांनी असंच सुरू केलंय, तेव्हा तुमच्या आत्या एकट्या नाहीत.

---

डोंगरवाट

१८ चं दादा अगदी बरोबर बोललात. माझ्या मुलाला आता पाचच वर्षं राहिली, मी रात्री तोच हिशोब करते.

अक्षरफळा ताई, थेरपिस्ट गावात येणार असेल तर त्यासारखं काही नाही, मी माझं गाडीभाडं सोडते. फक्त ते सहा महिन्यांनी बंद पडू नये. आमच्याकडे एक प्रोजेक्ट आला होता, ताई यायच्या, मुलगा त्यांना बघून हसायला लागला होता, टेकून बसायला लागला होता, आणि मार्चला बजेट संपलं म्हणून येणं थांबलं. परत कोण नवीन आलं की तो आता अंग आखडून घेतो. म्हणून कृष्णाकाठ दादा, छोटं करा पण न थांबणारं करा. व्याजाचं असल्यामुळे तुमचं थांबणार नाही असं वाटतं, म्हणून एवढं लिहितेय.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री हा सगळा धागा घरी मोठ्याने वाचून दाखवला, अमेरिकेतले काकाही कॉलवर होते. मृत्युपत्र नाहीये, त्यामुळे आधी सगळ्यांची लेखी संमती, काका तिकडून करून पाठवतील. बहीण नव्हती आत्याला.

स्वतःचा ट्रस्ट नाही काढायचा हे ठरलं, चुलतभाऊसुद्धा तयार झाला, खाडीपलीकडे यांचं वाचून त्याला पटलं. आता संस्था शोधतोय जी पाटणपर्यंत माणूस पाठवायला तयार होईल, दोन नावं समोर आहेत, पुढच्या आठवड्यात न सांगता सकाळी जाणार आहोत आणि येताना साधनव्यक्तींना भेटणार. काकांचे पैसे वेगळे, ते एफसीआरए असलेल्या संस्थेलाच थेट देतील, दोन्ही एकाच संस्थेत जमलं तर उत्तम. आई बक्षिसाचा आग्रह सोडायला तयार आहे, पण तिने एक सुचवलं, की आत्या वापरायची तशी ट्रेवाली खुर्ची मापाने करून देणारा सुतार तालुक्यात शोधायचा आणि अक्षरफळा ताईंसारख्या कुणाकडून त्याला नीट शिकवून घ्यायचं, म्हणजे दुरुस्तीही जवळच होईल. हे बरोबर आहे का? की लाकडी खुर्चीने नुकसान होऊ शकतं?

---

अक्षरफळा

आईंची कल्पना फार चांगली आहे. लाकडी कॉर्नर चेअर (कोपऱ्यासारखी पाठ असलेली खुर्ची) आणि ट्रेवाल्या खुर्च्या आम्ही वर्षानुवर्षं वापरतोय. फक्त माप फिजिओ किंवा ओटीनेच घ्यायचं, सुताराने किंवा घरच्यांनी अंदाजाने नाही. पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे, गुडघा आणि कंबर काटकोनात, बसायची फळी मांडीच्या मापाची, छातीला आणि कमरेला पट्टा, पाय एकमेकांवर जात असतील तर मध्ये ठोकळा. पाय ठेवायची फळी वरखाली करता येईल अशी करायला सांगा, म्हणजे एक खुर्ची दोन तीन वर्षं जाते. आणि खुर्चीत तासन्‌तास ठेवायचं नाही हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायचं.

सुतार मिळाला की कळवा, मी सुट्टीत कराडला येऊन जाईन, मानधन नको. पहिली खुर्ची होईल तेव्हा डोंगरवाट ताईंच्या मुलाचं माप घेऊ, त्यांना चालणार असेल तर.

---

डोंगरवाट

चालेल. जावळीहून कराडला आम्ही येऊ, एक दिवस आधी सांगा फक्त.